बुधवारी सकाळी ११ वाजता कोण मोकळं असतं?

लेक तिसरीत गेली त्या वर्षीचा पहिला ओपन डे. बायकोला ऐनवेळी ऑफिसातून निघता येईना म्हणून मी गेलो, एकटा, आयुष्यात पहिल्यांदाच. हॉलमध्ये ओळीने टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे एक बाई आणि समोर दोन बुटक्या खुर्च्या. तिसरी असं लिहिलेलं टेबल दिसलं, जाऊन बसलो, लेकीचं नाव सांगितलं. बाईंनी रजिस्टर उघडलं आणि म्हणाल्या, मुलगी छान आहे, फक्त गणितात घाई करते आणि शेजारणीशी गप्पा जरा जास्त. मी मान डोलावली. अक्षर खूप सुधारलंय म्हणाल्या, तर मी म्हटलं हो, घरी करून घेतो ना आम्ही. (कोण आम्ही? मी तर तिची वही उघडून बघितलेली नव्हती.) असं तीनेक मिनिटं मस्त चाललं, मग त्यांनी सहीसाठी प्रगतीपुस्तक पुढे केलं आणि त्यावर आडनाव भलतंच. अ तुकडीत त्याच नावाची दुसरी मुलगी होती. आमची ब मध्ये. ब चं टेबल शेजारी, आणि तिथल्या बाई हे सगळं ऐकत बसलेल्या.

तर ही माझी सुरुवात. तोपर्यंत माझं आणि शाळेचं नातं म्हणजे फी भरणं आणि रात्री डायरीवर न वाचता सही ठोकणं. लाज वगैरे वाटत नव्हती, खोटं कशाला बोलू, आजूबाजूचे बहुतेक बाबा तसेच होते. शाळेचं खातं बायकोकडे आणि गाडीचं सर्व्हिसिंग माझ्याकडे अशी काहीतरी वाटणी आपोआप झालेली, कुणी केली ते दोघांनाही आठवत नाही. बरं, नोकरी ती पण करत होती, माझ्याइतकीच.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी माझं प्रोजेक्ट संपलं, पुढचं मिळत होतं ते रात्रपाळीचं, बायकोला नेमकी तेव्हाच बढती मिळाली आणि तिचं फिरणं वाढलं, धाकटा साडेतीन वर्षांचा. दोन रात्री बसून हिशोब केला आणि ठरवलं की वर्षभर मी घरी थांबतो. त्याचे पुढे १४ महिने झाले. या १४ महिन्यांत मी शाळेच्या इतका आत गेलो की शिपाईकाका मला व्हिजिटर रजिस्टरवर सही करायला सांगायचे बंद झाले, आणि आता परत नोकरीला लागून वर्ष होत आलंय. म्हणजे दोन्ही बाजूंनी हे प्रकरण बघून झालंय, म्हणून लिहितोय.

पहिला अडथळा व्हॉट्सॲप ग्रुप. शाळेच्या सूचना ॲपवर येतात पण त्यांचा अर्थ ग्रुपवर कळतो, हे मला दुसऱ्याच आठवड्यात समजलं, जेव्हा ॲपवर ‘साध्या वेशात यावे’ असं आलं आणि आमची लेक एकटीच घरातल्या टीशर्टमध्ये पोचली, बाकी सगळ्या पांढऱ्या कपड्यात. ते ग्रुपवर ठरलं होतं. ग्रुपचं नाव ‘थ्री बी मॉम्स’. मला ॲड करा म्हटलं तर उत्तर आलं, आई आहे की ऑलरेडी. आई होती, पण आई दिवसभर मीटिंगमध्ये, तिने तो ग्रुप म्यूट केलेला, रात्री ९ ला १४० मेसेज एकदम वर सरकवून बघायची त्यात कामाचा एक असायचा तोच निसटायचा. ११ दिवस ती मला ऑफिसातून मेसेज फॉरवर्ड करत होती आणि मी घरी बसून ते वाचत होतो. शेवटी ॲडमिन बाईंनी ‘सगळ्यांची हरकत नसेल तर’ असं विचारून मला घेतलं. दोन दिवस ग्रुप एकदम शांत, जसं काही वर्गात इन्स्पेक्शन आलंय.

गेटवर मात्र लवकर रुळलो. सुटण्याच्या १५ मिनिटं आधी जे लोक गेटवर उभे असतात ना, त्यांच्याकडे जेवढी माहिती असते तेवढी मुख्याध्यापिकांकडेही नसावी. कोणत्या बाई मोठ्या रजेवर चालल्यात, ‘ऐच्छिक’ म्हणून दिलेली कुठली वर्कबुक प्रत्यक्षात ऐच्छिक नाही, सहलीचा फॉर्म उशिरा दिला तरी चालतो पण कुणाकडे द्यायचा. हे कुठे लिहिलेलं नसतं, आणि नोकरीवाल्या पालकाला हेच मिळत नाही. आधी मला वाटायचं शाळा आपल्याला काही सांगत नाही. शाळा सांगते, पण अर्धं गेटवर सांगते आणि गेटवर आपण नसतो.

आता दुसरी बाजू. घरी असण्याची.

एकदा शाळेला कळलं की तुम्ही घरी असता, की तुम्ही ‘मोकळे’ होता. वर्गशिक्षिकांचा फोन यायचा, अगदी प्रेमाने, तुम्ही घरीच असता ना, मग जरा येऊन बोर्ड लावून द्याल का. मग लॅमिनेशन. मग क्रीडादिनाला स्टॉपवॉच घेऊन उभं राहणं. मग एका मुलाला बरं वाटत नाहीये आणि त्याच्या घरचे फोन उचलत नाहीयेत तर त्याच्याजवळ बसणं. एका महिन्यात मी मोजलं, ९ वेळा शाळेत गेलो, आणि त्यातल्या ६ वेळा धाकट्याला काखोटीला मारून. पहिल्यांदा छान वाटलं, महत्त्वाचं माणूस झाल्यासारखं, आणि नंतर चीड यायला लागली कारण घरी असणं म्हणजे मोकळं असणं नाही, धुणं वाळत असतं, कुकर लावायचा असतो, धाकटा झोपेला आलेला असतो, तो एकदा झोप चुकला की संध्याकाळ हातातून गेली. आमच्या वर्गातल्या एक ताई होत्या, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, त्यांचं सगळं करून दोन वाजता धावत गेटवर यायच्या, तर त्यांनाही हेच, तुम्ही घरीच असता ना. त्यांनी कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. फक्त एकदा मला म्हणाल्या, भाऊ, ऑफिसचं कार्ड गळ्यात असलं ना की नाही म्हणावं लागत नाही, समोरचा विचारतच नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण त्याच आठवड्यात बायको उलटं सांगत होती. तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला मुलाच्या वर्गात काहीतरी करायचं होतं, दोनदा विचारलं, तर बाई म्हणाल्या अहो तुम्ही कशाला त्रास घेता, तुम्ही बिझी. म्हणजे एकीला विचारून विचारून दमवायचं आणि दुसरीला विचारायचंच नाही. आणि मग ग्रुपवर भांडण कशावरून, तर ‘काही पालक कधीच काही करत नाहीत’ विरुद्ध ‘काही पालकांना दुसरं काम नाही’. मी दोन्ही गटात बसलेला माणूस, मला दोन्हीकडून लागायचं.

क्लास रेप, म्हणजे वर्गाचा पालक-प्रतिनिधी, मी कसा झालो तर नेहमीच्याच पद्धतीने. पालक-शिक्षक संघाची बैठक, बुधवार सकाळ ११ वाजता. ३८ मुलांच्या वर्गातून ७ पालक आलेले, त्यात मी एकटा बाप्या. यंदा प्रतिनिधी कोण म्हटल्यावर सगळ्यांनी आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. माझ्याकडे पर्स नव्हती.

पेशाने मी प्रोजेक्टवाला, त्यामुळे पहिलं काम काय केलं असेल तर शीट बनवली. वर्षभरातली सगळी कामं बाईंना विचारून लिहून काढली, प्रत्येकापुढे चार गोष्टी: काम काय, किती वेळ लागेल, कुठे करायचं, कधीपर्यंत. हे लिहायला बसल्यावर एक गंमत कळली, ३१ कामं निघाली त्यातली १७ शाळेत पाऊल न टाकता होण्यासारखी होती. पुस्तकं दुरुस्त करणं, पोशाखाची मापं गोळा करणं, परिपत्रक सोप्या भाषेत चार ओळींत करून ग्रुपवर टाकणं, ज्या घरात शाळेची भाषा बोलत नाहीत त्या दोन आयांना फोन करून सूचना समजावणं, वाचनकोपऱ्यासाठी गोष्टी रेकॉर्ड करणं. ही सगळी कामं आजवर सकाळी ११ ला बोलवून करून घेतली जायची, का, तर तशी पद्धत होती.

शीट सकाळी साडेदहाला ग्रुपवर टाकली आणि स्वतःवर खूश होऊन धाकट्याला आंघोळ घालायला गेलो. दुपारी बघतो तर शीट भरलेली. सगळीच्या सगळी. नावं तीच पाच. त्या ताईंचं नाव चार ठिकाणी. रात्री ९ नंतर ऑफिसवाल्यांचे मेसेज यायला लागले, अरे संपलं पण? आम्हाला काहीच नाही? आणि एकीने लिहिलं की मग नंतर म्हणू नका आम्ही काही करत नाही. बरोबरच होतं तिचं. मोबाईल ज्याच्या हातात सकाळी असतो त्याला काम मिळतं, एवढं साधं गणित होतं ते, आणि वर्षानुवर्षं आम्ही त्याला कुणाची आस्था किती याचं माप समजत होतो.

पुढच्या टर्मला शीट रात्री साडेनऊला उघडली. एका पालकाने आधी एकच काम घ्यायचं, दुसरं घ्यायचं असेल तर दोन दिवसांनी. बस, एवढंच बदललं. २४ वेगवेगळी नावं आली, त्यात ८ बाबा. एक बाबा रात्रपाळी करणारे, त्यांना मी तोवर कधी बघितलेलंच नव्हतं, त्यांनी पुस्तकांचं खोकं मागितलं.

पुस्तकांच्या खोक्याबद्दल जरा सांगतो कारण मला स्वतःला ते काम फार आवडलं. वर्गाच्या वाचनकोपऱ्यातली पुस्तकं म्हणजे पाठीचा कणा निखळलेली, पानं लोंबणारी, आणि प्रत्येकावर आधीच्या कुणीतरी सेलोटेप फासलेली. सेलोटेप हा पुस्तकाचा शत्रू आहे हे मला शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी शिकवलं, काही वर्षांत ती पिवळी पडते, कडक होते, डिंक कागदात उतरतो आणि सोलायला गेलं की अक्षरं घेऊन येते. त्यांची पद्धत अशी: सुटलेलं पान असेल तर आतल्या कडेला पांढऱ्या गोंदाची अगदी बारीक रेघ, ब्रशने, बोटाने नाही. पान आत पूर्ण सरकवायचं, नाहीतर ते बाहेर डोकावत राहतं आणि पहिलं तेच फाटतं. दोन्ही बाजूला मेणकागद घालायचा म्हणजे शेजारची पानं चिकटत नाहीत, आणि वर वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवायचं. कणाच गेला असेल तर बाहेरून कापडी टेप. ४० पुस्तकांचं खोकं, एका घरी दोन आठवडे, मग पुढच्या घरी. रात्रपाळीच्या बाबांनी एका सुट्टीत ३० पुस्तकं करून पाठवली, इतकी सफाईदार की ग्रंथपाल बाई ती उलटसुलट करून बघत राहिल्या. नंतर कळलं की लहानपणी त्यांनी बाइंडिंगच्या दुकानात काम केलेलं. शाळेला हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं, त्यांना कधी कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यांची सही डायरीवर यायची तीसुद्धा बायकोची.

बैठकीची वेळ बदलायचा प्रयत्न मात्र पहिल्यांदा साफ आपटला. मी मुख्याध्यापिकांकडे गेलो, म्हटलं बैठक संध्याकाळी साडेसातला ऑनलाइन घ्या ना, सकाळी येणार कोण. एकदम तयारीत गेलो होतो, आकडे वगैरे घेऊन. त्यांनी ऐकून घेतलं. लेकीच्या वर्गशिक्षिका तिथेच बसलेल्या, त्या म्हणाल्या, सर, मलाही दोन मुलं आहेत, त्यांच्या शाळेतल्या एकाही बैठकीला मी आजपर्यंत गेलेली नाही, कारण त्या वेळी मी तुमच्यासमोर बसलेली असते, आणि आता तुम्ही माझी संध्याकाळपण मागताय.

मला काही सुचलं नाही. १० महिने मी नोकरीवाले पालक आणि घरी असणारे पालक अशी विभागणी करत होतो आणि टेबलापलीकडे बसलेलं माणूसही नोकरीवालं पालक आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी मधला मार्ग निघाला, टर्मला एकच बैठक संध्याकाळी, त्यात शिक्षक आळीपाळीने, सगळ्यांनी नाही, आणि जी बाई संध्याकाळी येईल तिला दुसऱ्या दिवशी पहिला तास ऑफ. बाकीच्या बैठका सकाळीच, पण काय ठरलं ते अर्ध्या पानात त्याच दिवशी सगळ्यांना. ते अर्धं पान मी लिहायचो. पहिल्या संध्याकाळच्या बैठकीला २२ जण, त्यातल्या अर्ध्यांचे कॅमेरे बंद आणि मागून भांड्यांचे आवाज, पण आले.

आता माझी चूक. गुरुवारी वाचनाचा तास असायचा, पालक येऊन मुलांना एकेकट्याने वाचायला बसवायचे, १० मिनिटं एक मूल. जाण्याआधी बाईंनी तीन गोष्टी सांगितलेल्या. मूल अडलं तर लगेच शब्द सांगायचा नाही, मनात पाचपर्यंत मोजायचं. स्वतःचं मूल आपल्याकडे घ्यायचं नाही. आणि वर्गात जे दिसेल ते वर्गाबाहेर जायचं नाही. पहिली दोन मी पाळली. पाचपर्यंत मोजणं किती अवघड असतं ते करून बघा, तिसऱ्या आकड्यालाच ओठ हलायला लागतात आपले. एक मुलगा होता, बोट शब्दाखाली ठेवून वाचायचा आणि जोडाक्षर आलं की बोट तिथेच थांबायचं, थरथरायचं अगदी, आणि चार मोजेपर्यंत काही नाही, आणि पाचव्याला तो शब्द बाहेर यायचा. काय आनंद व्हायचा मला. इतका की एका दुपारी गेटवर त्याची आई भेटली तर मी उत्साहात सांगून टाकलं, तुमचा मुलगा जोडाक्षरांना अडतो पण आता जमायला लागलंय हं त्याला. आजूबाजूला चार बायका उभ्या. तिचा चेहरा उतरला. तिला तो अडतो हे माहीतच नव्हतं, बाई ते तिला नीट बसवून, काय करायचं ते सांगून, ओपन डेला सांगणार होत्या. रात्रीपर्यंत ते ग्रुपभर झालं, दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे जाऊन रडली की माझ्या आधी परक्या माणसाला कसं कळलं. मला दोन आठवडे वाचनाच्या तासाला येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. योग्यच होतं. मी तिची माफी मागितली, तिने मान हलवली, पण त्यानंतर गेटवर ती पलीकडच्या बाजूला उभी राहायची. पालक वर्गात येऊ लागले की शिक्षकांना धास्ती का वाटते हे मला आधी कळायचं नाही, आता कळतं.

त्या दोन आठवड्यांत रात्री बसून मी बरंच काही वाचलं, चिडून म्हणा किंवा रिकामपणी. त्यात कळलं की अमेरिकेत ज्या संस्थेतून पुढे पालक-शिक्षक संघांचं राष्ट्रीय जाळं उभं राहिलं ती १८९७ मध्ये वॉशिंग्टनला ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी सुरू केली, आणि तिचं नाव होतं ‘नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स’. नावात पेरेंट्स आणि टीचर्स नंतर आले. म्हणजे ‘थ्री बी मॉम्स’ ला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे, मी उगाच मनाला लावून घेतलं होतं. दुसरं सापडलं ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टाइन यांचं काम. त्यांनी पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार केलेत: पालकत्व, शाळेशी संवाद, स्वयंसेवा, घरचं शिकणं, निर्णयात भाग घेणं आणि आसपासच्या समाजाशी सहकार्य. त्यातलं मला पटलेलं म्हणजे स्वयंसेवक या शब्दाबद्दल त्या म्हणतात की जो कुणी, कुठूनही, कोणत्याही वेळी मुलांच्या शिकण्याला हातभार लावतो तो स्वयंसेवक, शाळेच्या वेळेत शाळेच्या इमारतीत हजर असलेलाच नव्हे. आमच्या रात्रपाळीवाल्या बाबांचं वर्णनच की.

आणि तिसरं जे वाचलं त्याने माझीच विकेट काढली. नॅन्सी हिल आणि डायआना टायसन यांनी २००९ मध्ये मिडल स्कूलच्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांवरच्या ५० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात मुलाच्या प्रगतीशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते घरात शिक्षणाबद्दल काय बोललं जातं याचं, म्हणजे अपेक्षा काय आहेत, शिकलेलं पुढे कशाला लागतं, मुलाला स्वतःला काय व्हायचंय. शाळेत जाऊन मदत करण्याचाही उपयोग दिसला पण त्यापेक्षा कमी. आणि गृहपाठाला मदत करण्याचा मेळ चांगल्या प्रगतीशी काही बसेना, उलटाच जास्त. आता यात ज्याला जमत नाही त्यालाच घरचे जास्त मदत करणार हेही आलंच, त्यामुळे मदतीनेच मार्क कमी होतात असं नाही म्हणता येणार. आणि माझी लेक त्या वयाची नव्हती अजून. पण मी त्या रात्री टेबलावर बघितलं तर तिथे जलचक्राचं मॉडेल वाळत होतं, थर्माकोलचे ढग, निळ्या लोकरीचा पाऊस, बॅटरीवर लागणारा सूर्य. ते सगळं मी केलेलं. लेकीने त्यावर फक्त नाव लिहिलं होतं, आणि तेही मी पेन्सिलने आखून दिलेल्या रेघांमध्ये.

सूर्य काढून टाकला. सकाळी ती भडकली, बाकीच्यांचे तर फिरणारे पण आहेत म्हणे. तिने मग घाईघाईत पिवळ्या कागदाचा वेडावाकडा सूर्य कापून चिकटवला आणि रागारागात गेली. संध्याकाळी विचारलं काय झालं, तर बाईंनी विचारलं पाऊस कुठून आला, तर मी सांगितलं, म्हणाली. बरोबर सांगितलं का? हो, म्हणजे वाफेचं विसरले होते पण मग आठवलं. पाच मोजल्यावर, असं वाटून गेलं मला.

नोकरी परत सुरू झाली तेव्हा माझ्या मनात भीती होती की आता पुन्हा आपण फीपुरते. तसं अगदी झालं नाही पण बरंच सुटलंही. गेट सुटलं, वाचनाचा तास सुटला. जे राहिलं ते सांगतो. वर्षाच्या सुरुवातीला शाळेचं कॅलेंडर आलं की त्याच दिवशी टर्मला एक अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठेवतो, नंतर टाकू म्हटलं की ती मिळत नाही हा अनुभव. रजा कोण घेणार हे मी आणि बायको आधीच वाटून घेतो, कारण पूर्वी दोघंही शेवटच्या दिवशी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो आणि मग तीच घ्यायची. ओपन डेला १० मिनिटं असतात, त्यात कशी आहे ती, असं विचारलं की छान आहे असंच उत्तर येतं आणि वेळ संपते, म्हणून आता मी हातात चिठ्ठी घेऊन जातो: सध्या जे शिकवताय त्यात ती अडते कुठे, वर्गात कुणाशी बोलते आणि कुणाशी बोलायचं टाळते, आणि घरी रोज १० मिनिटं मिळाली तर कशावर घालवू. मागच्या वेळी बाई दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबल्या आणि मग जे सांगितलं ते आम्हाला घरी कधीच कळलं नसतं. काय ते लिहीत नाही, तिचं आहे ते. आणि डायरीवर सही करण्याआधी वाचतो. यात फार काही नाही, ४० सेकंद लागतात.

पुस्तकांचं खोकं अजून फिरतंय. क्लास रेप आता त्या ताई आहेत, सासूबाई गेल्या वर्षी वारल्या, त्या म्हणाल्या घर एकदम रिकामं झालंय, करते मी. शीट रात्री साडेनऊलाच उघडतात, आणि मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुनावलं, भाऊ तुम्ही एकच काम घ्यायचं, आता तुमच्या गळ्यात कार्ड आहे म्हणून सूट नाही आणि हौस आहे म्हणून तीन कामंही नाहीत.

ग्रुपचं नाव बदलायचा ठराव संध्याकाळच्या बैठकीत मांडला गेला आणि तब्बल ४ दिवसांच्या चर्चेनंतर ‘पेरेंट्स’ असं झालं. डीपी मात्र तोच आहे, दोन्ही हातात पिशव्या, पाठीवर दप्तर आणि कडेवर मूल घेतलेली कार्टून बाई. तो कुणी बदलायचा हे काम मागच्या शीटमध्ये टाकलेलं, वेळ दोन मिनिटं, कुठे तर मोबाईलवर, घरबसल्या. त्यापुढचा रकाना अजून रिकामाच आहे.